भिंत वाळेपर्यंतचा सिनेमा

आधीच सांगून टाकते, तो सिनेमा मला आवडला नाही. आवडला नाही हे फारच सौम्य झालं. इगिट! जर्मनमध्ये ‘शी’ला इगिट म्हणतात, आणि त्यात थुंकी जास्त असते, म्हणून मी तोच शब्द वापरते.

पाहिला तो हृषिकेशच्या रिकाम्या घरात, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून. त्याच्या बाबांचं, म्हणजे श्रीरंगकाकांचं, इथलं, जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधलं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. सोमवारी तिघंही पुण्याला परत. इथे भाड्याचं घर सोडताना भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात. त्यामुळे आम्हा मराठी लोकांचा निरोप समारंभ म्हणजे पोळीभाजीचे डबे आणि रंगाचे रोलर. जो जातो त्याच्या भिंती बाकीचे रंगवतात. रीतच आहे.

सगळ्या भिंती झाल्या, फक्त देवघराची राहिली. घर घेतलं तेव्हा नीलिमाकाकूंनी तेलात कालवलेल्या कुंकवाने तिथे थेट भिंतीवर ‘श्री’ काढला होता. आता पांढरा हात मारला की थोड्या वेळात ‘श्री’ गुलाबी होऊन परत वर. दुसरा हात मारला, तरी तेच होईल असं दिसत होतं.

“घरमालकाने विचारलं हे काय, तर काय सांगू?” काका म्हणाले.

“देव सांगा,” काकू म्हणाल्या.

दुसरा हात वाळेपर्यंत मोठी माणसं तळघर रिकामं करायला गेली आणि हृषिकेशने लॅपटॉप उघडला. “हा बघच, सुरुची. माझा सगळ्यात आवडता.”

मला वाटलं, इशारा! वर्षभर आम्ही एकाच बसने शाळेत जातोय. खिडकीची जागा तो माझ्यासाठी धरतो. त्याच्या डब्यातलं शेवटचं चतकोर थालीपीठ माझं. हे सगळं नक्की काय आहे, एवढंच मला सोमवारच्या आत त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. हो किंवा नाही. गेल्या वर्षी मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे. आता मी सगळ्यांसमोर जर्मनमध्ये भाषण ठोकते आणि वर “प्रश्न विचारा” म्हणते!

तर सिनेमा. जपानी, खाली जर्मन अक्षरं. एका बेटावर एक मुलगी बोटीची तिकिटं फाडते आणि एक मुलगा त्या बोटीने शाळेत जातो. पुढे नुसतं बघणं. टिनच्या डब्यातले पीच एकाच काट्याने खाणं. मग तो शहरात शिकायला निघतो. ती धक्क्यावर उभी. तोंड उघडते. भोंगा वाजतो. तो विचारतो, “काय?” ती म्हणते, “काही नाही.” बोट जाते! कित्येक वर्षांनी तो बायको-मुलाला घेऊन येतो आणि ती त्याला तिकिटं देते. मुलाचं अर्धं. पियानो. संपला.

“मूर्ख आहे का ती?” मी ओरडलेच.

हृषिकेश रडत होता. नाक बाहीला पुसत होता, आणि बाहीला रंग होता, त्यामुळे त्याला पांढऱ्या मिश्या आल्या होत्या. “तुला कळलाच नाही. ती बोलली नाही, म्हणून तर ते सुंदर आहे.”

“सुंदर? आल्झो, म्हणजे दोघांत एक काटा! उष्टं!”

“सुरुची...”

“मला तू आवडतोस,” मी म्हणाले. “झालं. भोंगा नाही, पियानो नाही. आता तू सांग.”

त्याचे कान लाल झाले. “हे तू बोलायला नको होतंस.”

“का?”

“मलाही तू... गेनाऊ, अगदी तसंच. पण बोललं की मग व्हिडिओ कॉल. मग मला झोप येणार, तुझा अभ्यास असणार, मग भांडण, मग संपणार. न बोलता गेलो असतो, तर आयुष्यभर राहिलं असतं.”

म्हणजे याला मी नकोच होते. खिडकीत बसून आठवायला कुणीतरी हवं होतं.

“माझं लोणचं घालणार होतास तू? बरणीत? मुरवून मुरवून चाटणार?”

“असं घाणेरडं नको ना बोलूस.”

“घाणेरडं मी बोलतेय? मी सोळा वर्षांची आहे, हृषिकेश! मी ताजी आहे!”

“कोण ताजं?” नीलिमाकाकू दारात उभ्या होत्या, हातात तळघरातला कुकर. “काय चाललंय रे?”

मागच्या वर्षीची मी असते तर बाथरूममध्ये पळाले असते. “काकू, मला हृषिकेश आवडतो. त्यालाही मी आवडते. पण त्याला ते मुरवायचंय.”

काकूंनी कुकर खाली ठेवला. “काय रे, खरं का हे?”

मी त्याच्याकडे पाहिलं. अजूनही वेळ होता. एक ‘हो’, बस. त्याने तोंड उघडलं.

“काही नाही गं, आई.”

तोच सूर! धक्क्यावरचा!

“बापावर गेलाय,” काकू म्हणाल्या आणि कुकर उचलून आत गेल्या.

भिंतीवर ‘श्री’ पुन्हा गुलाबी दिसायला लागला होता. मी रोलर त्याच्या हातात कोंबला. “तिसरा हात तुझा तू मार. आणि मिश्या पूस आधी.”

सिनेमात माझ्या डोळ्यांत टिपूसही आलं नव्हतं. खाली उतरताना जिन्यात आलं, आणि पुसायला बाहीशिवाय काही नव्हतं. इगिट.