दुकानाचं काय झालं

"आता त्यानं तिचा वास घेतला," मनतशा म्हणाली आणि मोबाइलवरून मान वर करून तिनं दानम्माकडे पाहिलं.

"कशाचा वास?" दानम्मानं लाटता लाटता विचारलं.

"तिचाच गं मावशी. तो लांडगा हाय ना. माणूस बी हाय आन लांडगा बी. वास आला की त्याला कळतं, हीच आपली. जन्माच्या आधीच ठरलेली."

"आन तिला कसं कळतं?"

मनतशानं बोटानं मजकूर वर सरकवला. "तिचे गुडघे लटपटतात."

दानम्माला हसू आलं. गुडघे तिचेही लटपटायचे, रोज, दुसऱ्या वेळची कणीक मळून झाली की.

लातूरच्या क्लासेसच्या भागातलं ते मुलींचं हॉस्टेल होतं. तीन मजल्यांवर डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली आणि तळमजल्यावर स्वयंपाकघर. तिथंच, धान्याच्या कोठ्यांमागं दानम्माची वळकटी. दुपारी जेवणानंतर मुलींना तासभर मोबाइल मिळायचा. बाकीच्या घरी बोलायच्या. मनतशा मात्र ओट्याजवळच्या स्टुलावर येऊन बसायची आणि ॲपवरची गोष्ट मोठ्यानं वाचायची. ती देगलूरची. पहिल्या परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून अब्बांनी तिला पुन्हा आणून सोडलं होतं. ही पोटात असतानाच मी ठरवलं होतं, डॉक्टर करायची, असं ते दर फोनला सांगत. मनतशा "हाव अब्बा" म्हणे आणि मोबाइल ठेवून देई.

हॉस्टेलला दोन दारं होती. रस्त्यावरचं लोखंडी गेट, मग थोडं उघडं अंगण, आणि पोर्चच्या स्लॅबखाली चॅनल गेट. दुपारची जेवणं झाली की क्लासची गाडी येईपर्यंत चॅनल गेटला मालक बाहेरून कुलूप लावत. किल्ली दानम्माकडे दिली तर ती पोरींना सोडील, असं त्यांना वाटे. म्हणून किल्ली वॉचमनकडे असायची. क्लासची गाडी आली की ड्रायव्हर त्याच्याकडून किल्ली घेऊन कुलूप काढायचा.

वॉचमन म्हणजे दानम्माचा नवरा, गुंडप्पा. तो कधीच आत यायचा नाही.

का येत नाही, हे सगळ्या मुलींना ठाऊक होतं. एकीनं दुसरीला सांगत ती गोष्ट वरच्या मजल्यापर्यंत गेली होती आणि जाता जाता गोड झाली होती. भूकंपाच्या पहाटे दानम्मा तिच्या घरात गाडली गेली आणि भिंतीपलीकडे शेजारचा गुंडप्पा. दोघांनी ढिगाऱ्याखाली एकमेकांना आवाज दिले, एकमेकांच्या आधारानं जगले, मग लग्न केलं; आणि त्या ढिगाऱ्याच्या धसक्यानं तो छपराखाली जात नाही. मुलींना ही गोष्ट फार आवडायची. त्या काळी पेपरवाल्यांनाही आवडली होती. भूकंपग्रस्तांच्या तात्पुरत्या पत्र्याच्या शेडसमोर दोघांना उभं करून त्यांनी फोटो काढला होता आणि देवानंच बांधलेली गाठ म्हणून छापलं होतं.

मनतशानं एकदा खोदून विचारलं, तेव्हा दानम्मानं जे झालं ते सांगितलं. औश्याच्या पुढं त्यांचं गाव. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं धाबं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, सगळे दमून झोपले होते. जाग आली तेव्हा छातीवर तुळई होती आणि तोंडात माती. आई, बाप, धाकटा भाऊ कुणीच ओ देत नव्हतं. ती किंचाळत राहिली. मग पलीकडून गुंडप्पाचा आवाज आला.

"काय म्हणाले?" मनतशा पुढं सरकली होती.

"गप बस म्हणाले. वरडू नको, वर कोन आलं तर ऐकू येऊ दे म्हणाले."

"आन पुढं?"

"पुढं काय. माती."

मनतशा हिरमुसली होती.

सैनिकांनी दोघांना बाहेर काढलं. गुंडप्पाची आई आणि दोन्ही भाऊ गेले होते. त्या हिवाळ्यात शेडमध्ये बरीच लग्नं लागली. कुणाची बायको गेलेली, कुणाचे आईबाप. दानम्माच्या चुलत्यानं सांगितलं, देवानं जोडी दाखवून दिल्यावर आपण कोण आडवे येणार. भूकंपाच्या आधी तिचं उमरग्याला मावशीकडे जायचं ठरलं होतं, शिवण शिकायला. मावशीनं मशीनही बघून ठेवलं होतं. त्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. तिनंही नाही.

पुनर्वसनात त्यांना स्लॅबचं घर मिळालं. पहिल्याच रात्री दार लावल्यावर गुंडप्पाचा चेहरा बदलला. दातावर दात बसले, डोळे फिरले, नखं तुटेपर्यंत तो दार ओरबाडत राहिला. दानम्मानं कडी काढली तसा अंगणात जाऊन पालथा पडला. सकाळी तो नेहमीचाच साधा, कमी बोलणारा माणूस होता. तेव्हापासून तो छपराखाली गेला नाही. उन्हाळा-हिवाळा अंगणात, पावसात ताडपत्री पांघरून. मूलबाळ झालं नाही. गावानं तेही नशिबावर टाकलं. लातुरात हॉस्टेलं वाढली, तेव्हा एकाच ठिकाणी दोघांना काम मिळालं, ती आत आणि तो बाहेर. ताट घेऊन ती गेटपर्यंत जायची, तो जेवायचा, ती रिकामं ताट घेऊन परत यायची. तो तिला कधी वावगं बोलला नव्हता. सोडून जावं असं काही नव्हतं आणि राहावं असंही फारसं नव्हतं.

मनतशाची गोष्ट त्या आठवड्यात संपली. शेवटी पौर्णिमेला नायिकाही लांडगी झाली, दोघं जंगलात पळत गेली.

"संपली?"

"संपली."

दानम्मानं तव्यावरची पोळी उलटली. "आन तिचं दुकान?"

"कुठलं दुकान?"

"केकचं दुकान होतं न्हाई का तिचं. सुरवातीला तूच वाचलीस. पाटी रंगवली, भट्टी आनली. त्या दुकानाचं काय झालं?"

मनतशानं मागं जाऊन शोधलं. तिसऱ्या भागानंतर दुकानाचं नावही नव्हतं. लिहिणारी विसरली असंल, ती म्हणाली. मग स्टुलावर पाय जवळ घेऊन बसली आणि म्हणाली की गोष्ट फालतूच होती, उगाच एवढे दिवस वाचली.

"पहिलं बरी होती," दानम्मा म्हणाली.

तेवढ्यात ताटांच्या मांडणीतून आवाज आला. आधी बारीक किणकिण. मग जमिनीखालून एक लांबलचक घरघर. दानम्माला कुणी सांगावं लागलं नाही. तिच्या तोंडात मातीची चव आली. तिनं गॅस बंद केला, मनतशाच्या दंडाला धरलं आणि चॅनल गेटमागच्या व्हरांड्यात ओढलं.

घरघर थांबलीही होती. पण वरून मुली धडाधड खाली येत होत्या, कुणी अनवाणी, कुणी रडत. सगळ्या चॅनल गेटवर येऊन आदळल्या. कुलूप बाहेरून होतं. मागच्या मुली पुढच्यांना रेटू लागल्या. पुढं गजाला चिकटलेली एक लहानखुरी पोर श्वास येत नाही म्हणून ओरडू लागली.

"पायरीवर बसा," दानम्मा म्हणत राहिली. "मागच्यांनी बसा. रेटू नका." दोघीचौघी बसल्या. बाकीच्यांना ऐकू येत नव्हतं.

गुंडप्पा अंगणात होता. किल्ली हातात धरून तो धावत आला आणि पोर्चच्या स्लॅबची सावली जिथं सुरू होते तिथं थांबला. त्याच्या पायापासून कुलपापर्यंत फार तर खाटेएवढं अंतर होतं. मुली त्याला हाका मारत होत्या. काका या, काका उघडा. त्यानं एक पाय सावलीत टाकला. दानम्माला गजांतून त्याचा चेहरा दिसला. दातावर दात बसत होते. पाय मागं गेला. त्यानं पुन्हा टाकला, पुन्हा मागं घेतला. घाम हनुवटीवरून ठिबकत होता.

"पाय उचलंना, दाने," तो म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं तिच्याजवळ ही गोष्ट कधी शब्दांत सांगितली नव्हती.

"नका येऊ," दानम्मा म्हणाली. "तिथनंच फेका."

त्यानं फेकली. किल्ली पोर्चच्या फरशीवर पडून घरंगळली आणि गेटपर्यंत पोचण्याआधीच थांबली. दानम्मा जमिनीवर पालथी झाली, गजांतून खांद्यापर्यंत हात घातला. पोचेना. मनतशानं झाडू आणून दिला. झाडूनं किल्ली ओढून घेतली, हात वाकवून चाचपडत कुलूप काढलं. कातडं सोलून मनगटावर रक्त आलं होतं. मुली तिला ओलांडून, घासून बाहेर गेल्या. ती शेवटी गेली.

काही पडलं नव्हतं. एक तडासुद्धा गेला नव्हता. मनतशा रस्त्यावर तिच्याजवळ येऊन उभी राहिली. गुंडप्पा कंपाउंडच्या भिंतीला टेकून खाली बसला होता.

"आले न्हाईत ते आत," मनतशा हळूच म्हणाली.

"न्हाई आले."

"मला वाटलं येतील."

दानम्मानं मनगट पदरात गुंडाळलं. "मला बी वाटलं," ती म्हणाली.

मालक आले तोवर आईबापांचे फोन सुरू झाले होते. ते आधी मुलींवर ओरडले, एवढ्याशा धक्क्याला रस्त्यावर यायचं काय कारण. मग गुंडप्पाकडे वळले. कुलूप उघडता येत नसलेला वॉचमन काय कामाचा, उद्यापासून दुसरा बघतो, असं म्हणाले. गुंडप्पा उठून उभा राहिला. मान खाली.

दानम्मानं किल्ली कमरेला खोचली.

"किल्ली माझ्याजवळ राहील," ती म्हणाली. "आन हे हितंच राहतील. जमत नसलं तर सांगा, आम्ही दोघं जातो. रातच्याला पोरींना काय वाढायचं ते तुमचं तुम्ही बघा."

मालकांनी मुलींकडे पाहिलं. मुली हलल्या नाहीत. फोन वाजतच होता. बघू, असं म्हणून ते फोन कानाला लावत बाजूला झाले.

मुली एकेक करत आत गेल्या. मनतशा पायरीवर घुटमळली. अब्बांना फोन करून काय सांगू, तिनं विचारलं. खरं काय ते सांग, दानम्मा म्हणाली. धक्क्याचं नाही, डॉक्टरकीचं विचारतेय, असं मनतशाच्या तोंडावर होतं, पण ती आणखी काही न बोलता वर गेली.

तवा गार झाला होता. दानम्मानं गॅस पेटवला आणि उरलेले गोळे पुढं घेतले. मनगट ठणकत होतं. लाटताना खिडकीतून तिला अंगण दिसलं. गुंडप्पानं रस्त्यावरची आपली खुर्ची उचलून गेटच्या आत आणली होती. पोर्चच्या स्लॅबची कड जिथं संपत होती तिथं, तिच्या अगदी लगत पण उघड्यावर, त्यानं ती ठेवली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वर त्या स्लॅबकडे बघत तो बसून राहिला.