भंगारवाल्याचा गंधार

मी एक जुना पियानो आहे, मित्रांनो, आणि मला माणसांच्या हातांची किळस येते. तोंड वाकडं करू नका. माझ्या जागी तुम्ही असता तर केव्हाच ओकला असता.

जन्म माझा जर्मनीतल्या एका कारखान्यातला. त्यातलं मला फारसं आठवत नाही, फक्त सरसाचा वास आठवतो. तिथून जहाजाने अलेक्झांड्रियाला आलो, एका ग्रीक कापूस-व्यापाऱ्याच्या मुलीसाठी. मुलगी जेमतेमच वाजवायची, पण बसायच्या आधी साबणाने हात धुवायची. तेवढ्यासाठी तिचे सगळे बेसूर मी पोटात घातले. पुढे राज्य बदललं, ती मंडळी सामानसुमान बांधून निघून गेली. मी जड, म्हणून मागे राहिलो आणि समुद्राकाठच्या एका संगीत संस्थेत येऊन पडलो. दुसरा मजला, रचनेचा वर्ग. इथे मुलं नुसतं वाजवायला शिकत नाहीत, संगीत लिहायला शिकतात. वाद्यवृंदासाठी, व्हायोलिनसाठी, माझ्यासाठी. उद्याचे थोर रचनाकार म्हणे!

काय वर्णावे या थोरांचे गुण! एक जण कलिंगडाच्या बिया फोडत बसायचा आणि टरफलं माझ्या पट्ट्यांच्या फटीत ढकलायचा. दुसऱ्याच्या बोटांना सदान् कदा तामियाच्या वड्यांचं तेल. चहाचे पेले तर माझ्या डोक्यावरच. साखर सांडली की मुंग्या, मुंग्यांच्या मागे पाल. एकदा एक मांजर माझ्या पोटात व्याली आणि आठवडाभर कुणाला पत्ता नाही! वर हे लोक म्हणतात, 'पियानोचा आवाज हल्ली दबका येतो.' येणारच! हातोड्यांवर पिल्लं झोपलेली असल्यावर आणखी काय येणार?

हानी नावाचा एक मुलगा होता. त्याने कुठेतरी वाचलं की परदेशात तारांमध्ये वस्तू अडकवून नवं संगीत करतात. झालं! त्याने माझ्या तारांत खिळे खोचले, काटे-चमचे खोचले, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. मग एक पट्टी दाबून डोळे मिटले आणि म्हणाला, "अहाहा, आधुनिक!" चमचा उष्टा होता, मित्रांनो. त्याला उसळ लागलेली होती. शी!

पण खरं सांगू? टरफलं, तेल, उष्टा चमचा, ही वरवरची घाण. फडका मारला की जाते. मला खरी शिसारी आली ती दुसऱ्याच गोष्टीची.

आमच्या वर्गाचे प्रमुख दुक्तूर फिक्री. डॉक्टर म्हणा, पण औषधवाले नव्हेत, संगीतातले. शिकायला युरोपात जाऊन आलेले. थंडी असो नसो, गळ्यात मफलर. हातात कायम लाल पेन्सिल. मुलांनी काही लिहून आणलं की लाल रेघ. "हे चूक. हे गावंढळ. हे लग्नातल्या बँडला द्या." मुलंही बिचारी काय करणार? रात्री खरोखरच लग्नात कीबोर्ड वाजवायची, रमजानच्या टीव्ही मालिकांना पार्श्वसंगीत पुरवायची, आणि सकाळी पेंगत येऊन दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या युरोपियनांसारखं लिहायचा प्रयत्न करायची. ज्याचं सगळ्यात जास्त मेलेल्यासारखं होई, त्याला सगळ्यात जास्त गुण.

याच फिक्रीला मी अर्ध्या चड्डीतून नुकताच बाहेर पडलेला पाहिलाय. तेव्हा तो याच वर्गात विद्यार्थी होता. त्याला एक सूर हवा असायचा. तुमच्या भाषेत सांगायचं तर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या अगदी मधला. इथे त्याला 'सिका' म्हणतात. इथला भाजीवाला त्याच सुरात ओरडतो, बाई पोराला त्याच सुरात रागावते. माझ्याकडे मात्र तो नाही. माझी एक पट्टी कोमल, तिच्या शेजारची शुद्ध, मध्ये नुसती फट. मग हा पोरगा दोन्ही हातांनी वाजवायचा आणि तेवढा एक सूर तोंडाने गायचा. गोड गायचा. त्याच्या परदेशी शिक्षिकेने ऐकलं आणि त्याच्या बोटांवर सपकन फूटपट्टी मारली. "हा सूर नाही, ही घाण आहे!" तो रडला होता. मला वाटलं, हा मोठा झाला की बदलेल सगळं. कसलं काय! मोठा झाला आणि फूटपट्टी जाऊन लाल पेन्सिल आली, इतकंच.

मग आली शाहिंदा. करमूझ वस्तीतल्या गल्लीतली. तिचे वडील अम्म बयूमी, म्हणजे बयूमीकाका, हातगाडीवर भंगार गोळा करतात. गल्लीत शिरताना "रोऽबाबेक्याऽऽ" अशी लांब आरोळी देतात. ती ऐकली की बायका बाल्कनीतून जुना पंखा, फुटका स्टोव्ह खाली सोडतात. घरात दिवसभर गंजकं सामान हाताळायचं, म्हणून ही मुलगी वर्गात आल्यावर आधी नळावर जायची आणि कोपरापर्यंत हात घासायची. ग्रीक मुलीनंतर पहिल्यांदाच कुणी धुतलेल्या हातांनी मला शिवलं. मी तर तिथेच विरघळलो.

शेवटच्या परीक्षेसाठी शाहिंदाने वडिलांच्या आरोळीवर रचना लिहिली. सबंध रचना त्या मधल्या गंधारावर उभी होती. तो काढला तर आरोळीच उरत नाही. फिक्रीने कागदावर लाल रेघ ओढली.

"पियानोला हा सूर नसतो, शाहिंदा."

"लावला तर असतो, सर."

"पियानो काय तुझ्या बापाची हातगाडी आहे, वाटेल ते लावायला?"

वर्ग हसला. ती हसली नाही. या परीक्षेत जो पहिला येणार त्याला परदेशी शिकायला पाठवणार होते, आणि तिच्यासारखीला तिथे जायला दुसरी वाट नव्हती. पण तिच्या पिशवीत एक चावी होती. बयूमीला कुठल्याशा जुन्या घराच्या भंगारात सापडलेली. "कसली चावी ही, पोरी? हिचं कुलूप काही सापडेना," असं म्हणून त्याने ती तिला दिली होती. ती सूर लावायची चावी होती. परीक्षेच्या आदल्या दुपारी वर्ग रिकामा असताना तिने माझं पुढचं फळकूट काढलं, माझ्या शुद्ध गंधारांच्या खुंट्या जरा जरा सैल केल्या आणि कान लावून थांबली. मग पट्टी दाबली. मित्रांनो, इतकी वर्षं मी या गावात राहिलो, पण या गावच्या भाषेत पहिल्यांदा बोललो ते त्या दुपारी.

आता ऐका, या लोकांचा शहाणपणा! आमच्या संस्थेत मला वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही. मुंग्या लागोत, मांजर व्यावो. पण कैरोहून पाहुणे येणार म्हटलं की त्या सकाळी सूर लावणाऱ्या उस्ता लबीबला बोलावतात. हा रिवाजच आहे. पाहुण्यांसमोर नाक कापलं जायला नको ना! लबीब आला, त्याने पट्ट्या दाबून पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"अरे देवा, गंधार पार उतरलाय! कुणाचं लक्षच नाही."

"ओढ वर," फिक्री म्हणाले. "चांगला कडक ओढ."

गंधार कुणी उतरवलाय ते सगळं माहीत असून म्हणाले. तसं म्हणताना त्यांनी आपली उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळली, जिथे ती फूटपट्टी बसली होती तिथेच. मी पाहिलं. पण थांबवलं नाही त्यांनी. त्या माणसाची मला त्या क्षणी जेवढी किळस आली तेवढी पालीचीही कधी आली नव्हती.

परीक्षेला खुर्च्या मांडल्या. कैरोहून परीक्षक म्हणून आलेल्या मादाम निव्हीन पुढे बसल्या. खिडकी उघडी होती, खालचं सगळं ऐकू येत होतं. फाटकावर रखवालदार कुणालातरी म्हणत होता, "ए, भंगार न्यायला आलास ना? मागच्या दाराने जा." आणि बयूमीचा आवाज, "न्यायला नाही रे बाबा, ऐकायला आलोय. माझी मुलगी आहे वर." थोड्या वेळाने तो स्वच्छ धुतलेला झगा घालून मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. बसायला कुणी सांगितलं नाही.

शाहिंदा बसली. पहिली आरोळी आली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. गंधार सरळसोट शुद्ध! तिचे हात थांबले. फिक्री म्हणाले, "चालू दे, चालू दे." तिने चालू ठेवलं. बापाची आरोळी माझ्यातून बाळाला झोपवायच्या गाण्यासारखी निघू लागली. गुळगुळीत, गोडगोड, पावडर लावलेली. मादाम निव्हीन मान डोलावत होत्या.

"किती गोड! अगदी युरोपियन वाटतं हं!"

भिंतीपाशी बयूमी टोपी हातात घेऊन उभा होता, परक्याच्या घरी चुकून शिरल्यासारखा. त्यात त्याला स्वतःचं काहीच ओळखू येत नव्हतं. शाहिंदाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. परदेशची जागा आता तिच्यापासून हातभर अंतरावर होती. फक्त शेवटपर्यंत वाजवायचं होतं.

ती उठली. पिशवीतून चावी काढली आणि माझं फळकूट उघडलं.

"शाहिंदा! काय चाललंय हे?" फिक्री ओरडले.

"सूर लावतेय, सर."

"सकाळीच लावलाय!"

"माझा नाही लावला."

सगळे एकदम बोलू लागले. कुणी घड्याळ दाखवलं, कुणी शिपायाला हाक मारली. ती एकेक तार सैल करत राहिली. तिचा कान तारांवरून हलला नाही. मीही अंग सोडलं. सकाळी ओढलेल्या माझ्या तारांना तरी वर राहायची कुठे हौस होती! मग ती बसली आणि तिने रचना पहिल्यापासून सुरू केली. मधल्या गंधारावरून आरोळी उठली आणि खिडकीतून सरळ गल्लीत गेली.

समोरच्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची बाई धावत बाल्कनीत आली.

"ओ रोबाबेक्यावाले! थांबा, जाऊ नका! जुना स्टोव्ह द्यायचाय!"

आणि मागे बयूमी भिंतीला धरून खदाखदा हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सवयीने खिडकीशी जाऊन ओरडला, "आलो हो बाई! एवढं गाणं संपू दे!" शाहिंदा हसत-रडत वाजवत राहिली. फिक्री आपल्या बुटांकडे बघत बसले होते.

तुम्हाला वाटेल, आता टाळ्या, हारतुरे. छे! परदेशची जागा दुसऱ्याला मिळाली, ज्याने नीटनेटकं मेलेलं संगीत लिहिलं होतं त्याला. शाहिंदाला कसंबसं पास केलं, वर संस्थेच्या वाद्याची नासधूस केल्याचा ठपका. आणि माझ्यावर शिक्का बसला, 'दुरुस्तीपलीकडे.' मला अंगणात काढलं. तिथे पावसात महिनाभर पडलो. कबुतरांनी काय केलं ते सांगत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल. शेवटी भंगार म्हणून मला न्यायला जो आला तो बयूमी.

आता मी करमूझमध्ये त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतो. एका बाजूला पंखे, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह. शाहिंदा शाळेत गाणं शिकवते आणि संध्याकाळी येऊन माझ्यावर लिहिते. लोखंडाच्या धुळीने अंग खाजतं, पण पट्ट्या रोज पुसलेल्या असतात. तिच्या रचना आता लांब लांब वाजतात. त्या ऐकून कुणा परदेशी मंडळींनी संस्थेला विचारलं म्हणे, तुमच्याकडचा तो मधल्या सुराचा पियानो बघायला मिळेल का?

आणि परवा शेडच्या दारात मफलर दिसला!

"अम्म बयूमी," फिक्री म्हणाले, "हा पियानो म्हणजे आमच्या संस्थेचा वारसा आहे. काचेच्या दालनात ठेवू म्हणतो."

बयूमीने स्टोव्हचा बर्नर खरवडता खरवडता वर पाहिलं. "दुक्तूर, मी जुनं घेतो. परत नाही देत."

फिक्री पुढे आले आणि त्यांचा हात आपोआप माझ्या मधल्या गंधाराकडे गेला. बोटाला लाल पेन्सिलीची भुकटी लागली होती. मी दात आवळून बसलो.

"सर," शाहिंदा म्हणाली, "आधी हात धुऊन या. नळ मागे आहे."

केवढा मोठा माणूस! मला वाटलं, तडक निघून जाईल. पण ते मागे गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. परत आले ते ओल्या हातांनीच. माझ्यासमोर बसले आणि तो गंधार दाबला. तोंड उघडलं होतं त्यांनी, जुन्या सवयीने, गाण्यासाठी. पण या वेळी गायची गरजच पडली नाही. सूर माझ्यातच होता. ते पुन्हा पुन्हा तीच पट्टी दाबत राहिले, आणि बयूमीने हातातलं काम थांबवलं.

मी त्यांना माफ केलेलं नाही, मित्रांनो. इतकी वर्षं पुसलेल्या सुरांचा हिशेब एका गंधाराने फिटत नाही. पण हात स्वच्छ होते, तेवढं मी कबूल करतो.

तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखं एखादं जुनं वाद्य पडलं असेल तर त्याच्यावर चहाचे पेले ठेवू नका. त्याला हात लावायच्या आधी हात धुवा. आणि ते बेसूर वाटलं तर लगेच चावी घेऊन धावू नका. आधी विचारा, हा सूर कुणी लावलाय?