उपासाला चालणारी पावडर

मी पावडरीचा डबा बोलतोय. आतल्या पावडरीला बोलायची सवय नाही, पाण्यात पडली की विरघळते आणि गप्प बसते. म्हणून दोघांच्या वतीने मीच बोलतो.

माझ्यातली पावडर शेंगदाण्याची. खरं सांगायचं तर तेल काढून उरलेल्या पेंडीची. पेंड म्हशी खातात. कारखान्यात ती साफ केली, बारीक दळली, व्हॅनिलाचा वास लावून माझ्यात भरली आणि माझ्यावर एका पिळदार माणसाचं चित्र चिकटवलं. म्हशीचा विषय तिथेच मिटला.

पनवेलला मी ताहेरभाईंच्या मेडिकल दुकानात आलो. फळीवर माझ्या शेजारी आणखी दोन डबे होते, एक दुधाच्या पावडरीचा आणि एक सोयाबीनचा. गिऱ्हाईक आलं की त्या दोघांपैकीच एकाला न्यायचं. ताहेरभाई फडकं मारायचे तेही आधी त्यांच्यावर. मला राग यायचा. का खोटं बोलू, अजूनही येतो.

त्र्याण्णव सालच्या थंडीत नवीन पनवेलहून तिघं जण दुकानात आली. शशिकलाबाई, त्यांचा मुलगा चारुदत्त आणि सून रमा. शशिकलाबाईंच्या गर्भपिशवीत गाठ होती. ऑपरेशन करायलाच हवं, पण अंगात रक्त नाही आणि वजनही नाही, अशा अंगाला मी सुरी लावणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आधी ताकद भरा, रोज केळं आणि ही पावडर मिक्सरमधून काढून द्या, आणि फार उशीर करू नका. हे सगळं रमाने ताहेरभाईंना हळू आवाजात सांगितलं.

चारुदत्त रसायनीच्या एका कंपनीत केमिस्ट होता. त्याने तिन्ही डबे उचलून मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. त्याचा कुणालाही उपयोग झाला नाही.

"दुधाची नको, आईंना दूध पचत नाही," रमा म्हणाली. "आणि अंडं तर कशातच नको."

"मग सोयाबीन?"

"ते कडधान्य. उपासाला चालत नाही," शशिकलाबाई म्हणाल्या.

"आई, उपासाला कशाला? जेवणाच्या दिवशी घे ना."

"जेवणाच्या दिवशी जेवते की मी. पावडर आजारी माणसं घेतात."

हे म्हणताना त्या काउंटरला धरून उभ्या होत्या.

ताहेरभाईंनी मला पुढे सरकवलं. "काकू, शेंगदाणे चालतात ना? हे नुसतं शेंगदाण्याचं."

"आणि तो वास कसला?"

व्हॅनिलाचा, असं चारुदत्तने सांगितलं आणि वर त्याचं रसायनातलं नावही सांगितलं, त्यामुळे प्रकरण आणखी अवघड झालं. शशिकलाबाईंनी बराच विचार केला. बटाटा चालतो, मिरची चालते. कोथिंबीर आमच्यात चालते, रमाच्या माहेरी चालत नाही. व्हॅनिलाबद्दल कुणीच काही सांगून ठेवलेलं नाही, म्हणजे चालत असणार.

"आमच्या रोज्यात दिवसभर काहीच चालत नाही," ताहेरभाई म्हणाले. "वादच नाही."

असा मी निवडला गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही व्हॅनिलावर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं म्हणून.

सोमवारी रमाने मिक्सरमध्ये केळं, खजूर, मी आणि पाणी असं फिरवलं. शशिकलाबाई पेला रिकामा करून "बरं आहे" म्हणाल्या. मंगळवारी रमाने पुन्हा पेला आणला.

"आज उपास नाही."

"पण आई, डॉक्टर रोज म्हणाल्यात."

"उपासाचं ते उपासाला."

पेला चारुदत्तने प्यायला. असे बरेच पेले तो प्यायला आणि त्याचं वजन वाढलं. शशिकलाबाई मात्र जिना चढताना मधे बसायला लागल्या. रमा ओट्याशी पाठ करून डोळे पुसायची. मी ओट्यावरच असायचो, मला दिसायचं. मला फार वाईट वाटायचं, कारण मी भरलेला होतो आणि त्यांच्या पोटात जात नव्हतो.

मग एक दिवस रमा म्हणाली, "आई, शनिवार धरता का? मारुतीचा."

शशिकलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "धरते."

त्यानंतर मंगळवार गणपतीला गेला, शुक्रवार देवीला आणि रविवार खंडोबाला. सोमवार आणि गुरुवार आधीपासून होतेच. बुधवारला देव शोधायला रमाला जरा वेळ लागला.

"अगं, डॉक्टरांनी उपास कमी करायला सांगितलेत ना?" चारुदत्त म्हणाला.

"अहो, तुम्ही गप्प बसा."

सकाळी पेला, दुपारी रताळं किंवा भगर, चार वाजता पुन्हा पेला, आणि रात्री उपास सोडून जेवण. बिल्डिंगमधल्या बायका शशिकलाबाईंच्या पाया पडायला लागल्या. खालच्या चंद्रावतीबाई न सांगता केळी पाठवायच्या. तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना दोनदा काट्यावर उभं केलं.

"काय चालू केलंत?"

"उपास."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "चालू ठेवा," त्या म्हणाल्या आणि ऑपरेशनची तारीख दिली.

आदल्या दुपारी रमा हॉस्पिटलची पिशवी भरत होती. थर्मास, चादर, पेला, चमचा आणि मी. माझ्या तळाशी थोडीशीच पावडर उरली होती.

"बुधवारचा देव कुठला काढला होतास गं?" शशिकलाबाईंनी विचारलं.

रमा चादरीची घडी घालत राहिली.

"मला कळत नव्हतं असं वाटलं तुला?"

"मग घेत का होतात?"

"तू माझ्यासाठी एवढे देव शोधत होतीस. नाही कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी त्यांना पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. इतक्या उपासांनंतर हा पहिला खरा उपास. त्यांना आत नेल्यावर रमा बाहेर बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. चारुदत्तने चहा आणला, मग वडापाव आणला. दोन्ही त्यालाच संपवावे लागले. मला पिशवीच्या कापडातून तिचे हात जाणवत होते, गार पडलेले.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी शशिकलाबाईंनी डोळे उघडले आणि आधी विचारलं, "रमा जेवली का?"

"नाही," चारुदत्त म्हणाला. "सकाळपासून काहीच नाही."

"आज कुणाचा उपास गं?"

"तुमचा," रमा म्हणाली.

शशिकलाबाईंनी पिशवीकडे पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "तो डबा काढ. दे तिला."

केळं नव्हतं, खजूर नव्हता, मिक्सरही नव्हता. त्याने मला खरवडून उरलेली पावडर पाण्यात कालवली. गुठळ्या झाल्या होत्या. रमाने सासूबाईंच्या देखत पेला संपवला.

आता मी रिकामा आहे. या डब्याचं काय करायचं असं घरात कुणी विचारलंच, तर माझ्यात डाळ भरा, खिळे भरा, काहीही भरा, माझी तक्रार नाही. एवढंच करा, त्या दोघींपैकी कुणी जेवली नसेल तर दुसरीला सांगा. पुढचं त्या बघतील.