पाण्याखालचा उंबरा

मित्रांनो, मी जळकोटजवळच्या ओढ्यावरचा एक जुना तलाव आहे. लोक कौतुकानं मला धरण म्हणतात. म्हणोत बापडे, मोठेपणा कुणाला नको असतो?

मुरूम-मातीची पाळू घालून ओढा अडवला आणि माझा जन्म झाला. माझ्या पोटात एक वस्ती गेली. माणसं वरच्या माळावर राहायला गेली, घरं खालीच राहिली. पुढं माझ्यामुळं आसपासच्या विहिरींना पाणी आलं, ऊस डोलू लागला, गावात नळ आले. मी काठोकाठ भरलो की लोक हलगी वाजवत येत, खणानारळानं पाण्याची ओटी भरत आणि निघून जात. मग वर्षभर पाळूवर चिटपाखरू नसे.

यायची ती फक्त विठाबाई. तिचं घर माझ्या तळाशी होतं. ती पाळूवर बसून पाण्याकडं बघत राही, पण त्याला कधी हात लावत नसे. दारात नळ असून लांबच्या आडाचं पाणी शेंदून प्यायची. एवढ्या गावाची तहान मी भागवली, पण त्या एका म्हातारीची नाही. ते मला फार लागायचं.

मग एके वर्षी पावसानं पाठ फिरवली. मी आटून डबक्याएवढा उरलो. शेतात टाकायला लोक गाळ नेऊ लागले, तेव्हा खणताना विठाबाईच्या घराचा दगडी उंबरा उघडा पडला. तिची सून महानंदा ट्रॅक्टरबरोबर आली होती.

"आत्या, उंबरा ट्रॉलीत टाकायचा का? नव्या घराला बसवू."

विठाबाईनं उंबऱ्यावरून हात फिरवला. "न्हाय गं. ह्याच्यावरचं माप लवंडून म्या ह्या घरात आले. ह्यो इथंच ऱ्हाऊ दे."

मग ती चिखल तुडवत माझ्यापाशी आली आणि पहिल्यांदाच तिनं माझ्या पाण्यात हात घातला. ओंजळीनं उंबरा धुतला, हळदकुंकू वाहिलं. पुन्हा ओंजळ भरली आणि ते गढूळ पाणी तोंडाला लावलं.

"भर बाबा आता," ती मला म्हणाली. "माझं बघून झालं. लेकरं तहानलीत."

त्या पावसाळ्यात मी भरलो. उंबऱ्यावर चढताना माझा जीव घुटमळला, पण पाण्याला थांबता येत नाही. विठाबाई आता नाही. हलगी वाजते, लोक येतात, जातात. पाळूवरची तिची जागा मोकळीच असते.

मित्रांनो, नळ उघडा सोडू नका, तलावात घाण टाकू नका, हे तुमचे गुरुजी सांगतीलच. मी एवढंच सांगतो, तुमच्या तांब्यातलं पाणी कुणाच्या तरी उंबऱ्यावरून आलेलं असतं. ते सांडू नका.