काचेवर राहिलेली गुणपत्रिका

मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे, मित्रांनो. कळंबला तहसील कार्यालयासमोर कलीमभाईचं दुकान आहे. आत शिरलं की उजव्या कोपऱ्यात चादर पांघरून बसलेली एक जाडजूड वस्तू दिसते ना, ती मी. बरेच जण मला टेबल समजतात. समजोत बापडे! परवा एकानं माझ्यावर पपईची पिशवी ठेवली आणि बाहेर गप्पा हाणत उभा राहिला. राग येतो हो, पण सांगणार कोणाला?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. तिथे उजेड फार होता आणि बोलणारं कोणी नव्हतं, एवढंच ध्यानात आहे. तरुणपणाची वर्षं नागपूरच्या एका ऑफिसात गेली. तिथल्या लोकांना माझं कौतुक नव्हतं. बटण दाबायचं, कागद उचलायचा, चालू पडायचं. पुढे त्यांनी मला विकलं, एका कारागिरानं माझं पोट उघडून साफसूफ केलं आणि संत्र्यांच्या खोक्यांशेजारी टेम्पोत बसून मी कळंबला आले. कलीमभाईनं मला हार घातला, आल्यागेल्याला पेढे वाटले. मला वाटलं, चला बाई, आता कुठे माणसांत आले.

आणि काय दिवस होते ते! जून उजाडला की पोरापोरींची रांग रस्त्यापर्यंत जायची. तहसीलमध्ये कोणाचंही काम असो, पाय आधी माझ्याकडे वळायचे. सातबारा, दाखले, लग्नाच्या पत्रिका, कोर्टाचे कागद, सगळं माझ्या काचेवरून गेलं. "कलीमभाईच्या मशीनची कॉपी पाहा, अस्सल कोणती अन् नक्कल कोणती ते वळखून दाखवा," असं लोक म्हणायचे. मी फुगून जायची. कधी कागद अडकलाच तर अब्दुल गनी यायचा. अब्दुल गनी हा मागच्या गल्लीतला मेकॅनिक, पंपाच्या मोटारींची वाइंडिंग करतो. माझ्या जातीच्या मशिनींचं त्याला तसं काही कळत नाही. पण तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "चाल माय, ऊठ आता," आणि मी मुकाट उठायची. माणूस प्रेमानं बोलला की आपणही फार ताणू नये.

मग ती नवी आली. टीचभर जीव, पण तोरा केवढा! मोबाइलमधून कागद ओढते, रंगीत काढते, आवाजसुद्धा करत नाही. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण हिचे नऊ दिवस काही संपेचनात. माझ्यावर चादर पडली, चादरीवर कोऱ्या कागदांची खोकी चढली आणि खोक्यांवर कलीमभाईचा जेवणाचा डबा. मोठा नकाशा किंवा जाड पुस्तक आलं तरच मला उठवायचे. एरवी मी आणि माझं मन.

या काळात माझी विचारपूस करणारी एकच होती, अब्दुल गनीची मुलगी गझाला. लहानपणापासून दुकानात यायची. ग्रंथालयशास्त्र शिकली, एका कॉलेजच्या ग्रंथालयात तात्पुरती नोकरी धरली. आणि गेल्या वर्षी काय तिच्या मनात आलं कोण जाणे, संध्याकाळी येऊन माझ्याजवळच्या स्टुलावर बसायला लागली. कोण येतं, काय विचारतं, हे नुसतं ऐकायची. एक म्हातारी यायची, "बापू, निराधारच्या पगाराले कोणता कागद लागते?" एखादा पोरगा विचारायचा, "भाऊ, फॉर्मची तारीख गेली का हाय अजून?" झेरॉक्स एक पानाची आणि प्रश्न दहा! कलीमभाई सगळ्यांना सांगत बसायचा.

एक दिवस गझाला त्याला म्हणाली, "कलीमचाचा, पुस्तकं आमच्या ग्रंथालयात आहेत, पण प्रश्न सगळे तुमच्याकडे येतात. असं का, हे मला शोधायचंय. यावरच पीएच.डी. करते मी."

"ह्या दुकानावर पीएच.डी.?" कलीमभाईच्या हातून स्टेपलरच पडला.

मी तर चादरीखाली हरखून गेले. दुकानावर म्हणजे माझ्यावरच की!

पण मित्रांनो, पीएच.डी.ला प्रवेश मिळणं म्हणजे खायचं काम नाही. माहितीशास्त्रात या प्रकारच्या विषयाला मार्गदर्शन करणारे सर थोडेच, आणि अमरावतीला अशा एका सरांकडे यंदा एकच जागा रिकामी होती. ती हुकली तर पुढची कधी निघेल याचा नेम नव्हता. गझालानं प्रवेश परीक्षा दिली, पास झाली. चार वेळा खोडून, पुन्हा लिहून संशोधनाचा आराखडा तयार केला. आता उरली होती मुलाखत, आणि त्याच दिवशी मूळ कागदपत्रं दाखवायची होती.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ती झेरॉक्स काढायला आली. कलीमभाई यवतमाळला सामान आणायला गेला होता, दुकानात त्याची बायको फरहाना होती. आणि नेमकी त्या नव्या राणीसाहेबांची शाई संपली! मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. चादर निघाली. गझालानं स्वतःच कागद लावायला सुरुवात केली. माझ्या हाडांची कुरकुर झाली, पण कॉप्या अशा काढल्या की बघत राहावं. सगळ्यात शेवटी तिनं एम.लिब.ची गुणपत्रिका काचेवर ठेवली. तेवढ्यात घरून फोन आला. बोलता बोलता तिनं कॉपी उचलली, फाइलच्या प्लास्टिकमध्ये सरकवली आणि गेली. फरहानानं बटण बंद केलं, चादर टाकली, खोकी रचली.

आणि गुणपत्रिका माझ्या काचेवर!

अगं पोरी, झाकण! झाकण उघड! मी आतल्या आत ओरडत होते. पण वीज बंद केलेल्या मशीनला कसला आवाज? एरवी मी किती बडबडी, आणि जेव्हा बोलायची खरी गरज, तेव्हा माझ्या तोंडावर खोकी.

सकाळी लवकर गझाला एसटीनं अमरावतीला गेली. फरहाना माहेरच्या लग्नाला ढाणकीला निघून गेली. कलीमभाईनं दुकान उघडलं, नव्या मशीनला शाई पाजली आणि कामाला लागला. उन्हं तापायला लागली तेव्हा अब्दुल गनी धावत आला. त्याच्या शर्टाची बटणं खालीवर लागली होती.

"कलीम, गझालाचा फोन होता. खिडकीवरच्या माणसानं सांगतलं, हे झेरॉक्स हाय, ओरिजनल दाखवा. तिची मोठी मार्कशीटच नाई! मुलाखती संपेपर्यंत आणून द्या म्हणते, नाई तर नाव कटते."

"चाचा, इथंच राहिली असन."

"नाई बा. पोरगी म्हणते, रात्री घरी म्या माह्या डोयानं पाह्यली. घर पुरं पालथं घातलं. स्टँडवर जाऊन आलो. बसमध्येच पडली म्हणते ते, रडून राह्यली पोरगी."

घरी तिनं पाहिली ती माझी कॉपी होती हो! इतकी हुबेहूब की पोरगी फसली. आयुष्यभर ज्या गोष्टीची शेखी मिरवली, तीच आता अंगाशी आली होती. कलीमभाईनं तरी गल्ला पाहिला, रद्दीचं खोकं उपसलं, नव्या मशीनचं झाकण दोनदा उघडलं. माझ्याकडे कोण बघतो? त्याच्या लेखी तर मी महिनाभर चालूच झाले नव्हते. फरहानाला फोन लावला, तर लग्नाच्या बँडमध्ये तिला काय ऐकू येणार! आणि अब्दुल गनी येऊन बसला कुठे, तर माझ्या शेजारच्या स्टुलावर. डोकं दोन्ही हातांत धरून. माझ्यापासून हातभर अंतरावर. हात लांब केला असता तरी पुरलं असतं.

तेवढ्यात इंदुताई आल्या. इंदुताई म्हणजे गावाबाहेर कापूस-तुरीचं चांगलं शेत असलेली बाई. शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांचं भांडण चाललंय हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. मोजणीचा भला मोठा नकाशा त्यांनी काउंटरवर उलगडला.

"याची एक कॉपी दे बरं, कलीम."

"ताई, आज माफ करा. नव्या मशीनवर दोन तुकड्यांत काढतो अन् जोडून देतो."

"दोन तुकड्यांत? अन् माहा धुराच नेमका त्या जोडावर येते! उद्या तो म्हणन, बाईनं मधातून कागद कापला. तुही ती मोठी मशीन कुठं गेली?"

"ते पाहा, खोक्याखाली. आज नाई ताई, आज इथं मोठं टेन्शन हाय."

"टेन्शन कोणाले नाई? मले नाई का?" इंदुताई हटायला तयार नाहीत. हटल्या असत्या तर धुऱ्याचं भांडण इतकी वर्षं चाललं असतं का!

अब्दुल गनी उठला. "राहू दे कलीम. मी काढतो खोकी. नुसता बसलो तर जीव जाते माहा." त्यानं डबा उचलला, एकेक खोकं उतरवलं, चादर ओढली. सवयीनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि झाकण वर केलं.

त्यानं काचेवरचा कागद पाहिला. मग खाली वाकला, कागद दोन्ही हातांनी उचलला आणि मटकन जमिनीवर बसला. "या अल्ला," एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मित्रांनो, मला डोळे असते तर मीही रडले असते. सुटले एकदाची, असं वाटलं!

कलीमभाईनं फोन लावून अब्दुल गनीच्या हातात दिला. पलीकडून गझालाचा बारीक आवाज आला, "अब्बा, मिली?"

"मिली, बेटा. रो मत. मैं ला रहा हूँ."

इंदुताईंना एव्हाना सगळा प्रकार कळला होता. "आता बसता कायले, गनीभाऊ? उठा! माहा भाचा पियुष गाडी घेऊन चौकात उभा हाय, तो सोडन तुमाले अमरावतीले."

"पण ताई, तुमचा नकाशा..."

"धुरा काई पयून जात नाई. उद्याही तिथंच राहीन. निघा तुमी!"

वाटेतलं नेर गाव मागे पडलं तेव्हा अब्दुल गनीचा एक फोन आला, बडनेऱ्याहून दुसरा. कलीमभाई एकाही गिऱ्हाइकाशी धड बोलला नाही. पुढचं मला गझालानंच दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं. तिचं नाव पुकारलं आणि अब्बा जिना चढून आले, हातात गुणपत्रिका छातीशी धरलेली. आत गेल्यावर एका सरांनी विचारलं, "झेरॉक्सचं दुकान हा काय अभ्यासाचा विषय झाला? आणि तुमची गुणपत्रिका इतका वेळ होती कुठे?"

गझाला म्हणाली, "सर, माझ्या विषयातच अडकली होती."

सगळे हसले. मग तिनं सकाळची गोष्ट सांगितली. त्यानंतर त्या म्हातारीची सांगितली, फॉर्मची तारीख विचारणाऱ्या पोराची सांगितली, आणि लोक सरकारी खिडकीपेक्षा ओळखीच्या माणसावर विश्वास का ठेवतात हे सांगितलं. दहा मिनिटांची मुलाखत बरीच लांबली म्हणे. पुढच्या आठवड्यात यादी लागली आणि त्या एका जागेसमोर तिचं नाव होतं. कलीमभाईनं पुन्हा पेढे वाटले. एक माझ्यावरही ठेवला, तो मुंग्यांनी खाल्ला, पण ठेवला हे महत्त्वाचं.

इंदुताईंचा नकाशाही मी काढून दिला, अखंड, धुऱ्यासकट.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुठले ना कुठले अर्ज भरणार आहात. कॉपी हातात आली की घाईनं पळू नका. आधी झाकण उघडा, आपला मूळ कागद उचला, मगच पैसे द्या. आणि घरात, दुकानात, शाळेत ज्या जुन्या वस्तूंवर तुम्ही चादर टाकून ठेवली आहे ना, त्यांच्याकडे अधूनमधून बघत जा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हीच हात लावायला हवा.

अब्दुल गनी आता रोज संध्याकाळी घरी जाताना दुकानात डोकावतो. काही काम नसतं. खोकी बाजूला करतो, माझं झाकण उघडतो, काचेवर बघतो. कलीमभाई हसतो, "चाचा, आता कायले पाहता?" काचेवर काही नाही अशी खात्री झाली की तो झाकण हलकेच लावतो आणि समाधानानं घरी जातो. मी रिकामी आहे म्हणून एवढा खूश होणारा माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही.