पाठमोरी मिनू

मित्रांनो, मुखेडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाशेजारून एक अरुंद जिना वर जातो. त्या जिन्याच्या टोकाला एक फोटो स्टुडिओ आहे. तिथे मागच्या भिंतीवर लोखंडी नळीला लटकलेला जुना कापडी पडदा म्हणजे मी. माझ्यावर एक तळं आहे. तळ्यापलीकडे डोंगर, अलीकडे दगडी पायऱ्या आणि पाण्यात दोन बदकं. आता रंगाचे पोपडे निघाले आहेत, पण जवळ येऊन पाहिलं तर अजून सगळं ओळखू येतं.

मला सटवाजी पेंटरने रंगवलं. एरवी तो दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. स्टुडिओचे मालक पाशामियाँ यांनी त्याच्यापुढे एक कॅलेंडर धरलं आणि म्हणाले, "सटवाजी, हूबेहूब पायजे. फोटो बघून लोकांना वाटलं पायजे, काश्मीरला जाऊन आले."

"काश्मीर लई थंड हाय म्हणतेत, मियाँ," सटवाजी म्हणाला. "निळा जास्ती लागंल."

त्याने निळा रंग सढळ हाताने वापरला. बदकं कॅलेंडरमध्ये नव्हती. ती त्याने मनाने काढली, त्यामुळे थोडी बगळ्यांसारखी झाली. पण पाशामियाँ खूश झाले आणि मी भिंतीवर चढलो.

ते दिवस माझ्या मानाचे होते. नवी जोडपी माझ्यापुढे अवघडून उभी राहायची. बारशाची बाळं, नोकरी लागलेली पोरं, हजला निघालेली म्हातारी माणसं, सगळी माझ्या पायऱ्यांपाशी येऊन गेली. "तळ्याच्या पडद्याम्होरं काढा," असं लोक मागून घ्यायचे. नायगावपर्यंतच्या घरांत माझं तळं भिंतीवर लागलं होतं. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी. फोटो निघायच्या क्षणी लोकांचे चेहरे मला कधीच दिसले नाहीत. चेहरे कॅमेऱ्याकडे असायचे. माझ्या वाट्याला पाठी यायच्या. कोणाची टोपी, कोणाचा अंबाडा, कोणाच्या सदऱ्याची उसवलेली शिवण. मी माणसं पाठीवरून ओळखत आलो.

फक्त एकदा असं झालं नाही.

रेणुकादास गुरुजी तेव्हा मुखेडच्या शाळेत शिकवायचे. दिवाळीच्या आधी ते बायकोला आणि लेकीला घेऊन आले. बायकोचं नाव गोदावरी. लेकीचं नाव मृण्मयी, पण सगळे मिनू म्हणायचे. चार वर्षांची होती. अंगात नवा झालरीचा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. घरून निघताना आरशासमोर काहीतरी रुसवा झाला होता आणि ती वाटभर रडत आली होती.

पाशामियाँनी तिला स्टुलावर उभं केलं. "बेटा, इकडं बघ. हितनं चिमणी निघती."

मिनूला चिमणीचं कौतुक नव्हतं. ती गर्रकन वळली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. बदकावर तळहात ठेवला. खटका दाबायला आणि तिने हात ठेवायला एकच गाठ पडली.

"वाया गेला की हो!" गुरुजी म्हणाले.

"राहू द्या, गुरुजी. दुसरा काढू. बच्चे ऐसेइच ऱ्हातेत."

तेवढ्या वेळात मी तिला पाहिलं. ओल्या पापण्या, गालावर वाळलेला ओघळ, हनुवटीवर नुकतीच खपली धरलेली जखम, आत ओढून घेतलेला खालचा ओठ. ती हसत नव्हती. बदकाने आपल्याला काही विचारावं, अशी वाट बघत होती. मग आईने तिला खांद्याला धरून फिरवलं आणि दुसरा फोटो नीट निघाला. तोच फोटो फ्रेम होऊन घरी गेला.

त्यानंतर थंडी सुरू झाली आणि मिनूला ताप भरला. तो डोक्यात गेला. नांदेडला न्यायला म्हणून तिला एसटीत मांडीवर घेऊन बसले होते. नांदेड यायच्या आतच ती गेली. हे मला पाशामियाँच्या बोलण्यातून कळलं. ते बीबीला सांगत होते, "गुरुजींची पोरगी. अल्लाने काय बघितलं तिच्यात, काय म्हाईत." त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

गुरुजींची बदली नांदेडला झाली. पुढे त्यांना आलोक नावाचा मुलगा झाला. इकडे रंगीत फोटो आले, मग मोबाईल आले आणि माझ्यापुढे उभं राहणारं कोणी उरलं नाही. पाशामियाँ गेले. त्यांच्या मुलाने, जीशानने, माझ्या जागी हिरवं कापड लावलं. त्यावर कॉम्प्युटरमधून हवा तो देखावा चढवता येतो. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. पत्र्यातून पाणी गळायचं. निम्मा डोंगर तिथेच बुरशीने खाल्ला.

मागच्या पावसाळ्यानंतर एक दिवस जिन्यावरून हळूहळू पावलं वाजली. एक म्हातारी बाई दाराला धरून उभी राहिली.

"पाशामियाँचा स्टुडिओ हाच ना? मी रेणुकादास गुरुजींची बायको. नांदेडहून आले."

जीशान चाळिशी ओलांडलेला, शांत स्वभावाचा माणूस. त्याने पंखा लावला, पाणी दिलं. "बसा काकू. अब्बा जाऊन लई वर्षं झाली. गुरुजी कसे हायेत?"

"तेही गेले." गोदावरीकाकूंनी पिशवीतून साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली फ्रेम काढली. "यंदा नदीचं पाणी घरात शिरलं. माझंच नाव घेऊन आली अन् सगळं धुऊन गेली. कपाट, अल्बम, सगळं. ही भिंतीवर होती, पण खालच्या खिळ्याला. पाणी उतरल्यावर वाळवायला म्हणून फोटो बाहेर ओढला, तर..."

फोटोत फ्रॉक होता. पाय होते, बूट होते, मागे माझं तळं होतं. चेहरा नव्हता. ओल्या कागदाचा तेवढाच भाग काचेला चिकटून राहिला होता आणि काच पुसताना तोही निघून गेला होता.

"आलोक दर दिवाळीला म्हणायचा, आई, मोबाईलवर काढून ठेवतो. राहूनच गेलं," त्या म्हणाल्या. "एवढा एकच फोटो होता रे तिचा. तुझे अब्बा निगेटिव्ह टाकून देत नसत म्हणे. बघ ना, असलं तर."

जीशान माळ्यावर चढला. निगेटिव्हचा पत्र्याचा डबा माझ्याच खाली होता. डबा काढताना मीही खाली आलो. काकूंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, तो तळ्याचा पडदा. लाव की रे जरा." म्हणून इतक्या वर्षांनी जीशानने मला पुन्हा भिंतीवर टांगलं.

डब्यात पाणी गेलेलं होतं. पातळ कागदाची पाकिटं विरघळून निगेटिव्हची अख्खी वीट झाली होती. जीशानने ती ट्रेमध्ये पाण्यात भिजत ठेवली आणि दुपारभर एकेक पापुद्रा सोडवत बसला. काकू समोर बसून प्रत्येक तुकड्याकडे बघत होत्या. बहुतेक तुकडे काचेसारखे स्वच्छ निघत होते. माणसं पाण्यात उतरून गेली होती. नवरे, नवऱ्या, बाळं, हाजी, सगळ्यांचा मिळून ट्रेमध्ये करडा गाळ साचला.

मग एक तुकडा निघाला. जीशानने तो खिडकीपाशी धरला, मोबाईलने फोटो काढून काळ्याचं पांढरं केलं आणि काकूंपुढे धरला.

स्टुलावर पाठमोरी मिनू. दोन वेण्या. बदकावर हात.

काकूंचा हात तोंडावर गेला. "ही रिबीन ढिली हाय बघ. घाईत बांधली होती मीच." मग थोड्या वेळाने, "तोंड कुठंय?"

दुसरी निगेटिव्ह त्याच्याच पाठीला चिकटलेली होती. ती सोडवली तेव्हा तिच्यावर फक्त कडेची काळी रेघ उरली होती.

काकूंनी ती कोरी निगेटिव्ह उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाल्या, "फोटो होता तोवर मी मनात ठेवायचे कष्ट नाही घेतले रे. भिंतीवर हाय, बघू कधीही, असं वाटायचं. आता आठवून राहिले, तर अर्धवटच येतं. डोळे येतेत, तर बाकीचं जातं."

जीशानला ते ऐकवेना. तो मनाने चांगला माणूस आहे, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. तो म्हणाला, "काकू, आजकाल एआयवर होतं हे. पाठमोऱ्या माणसाला वळवता येतं. गुरुजींचा फोटो हाय का मोबाईलमध्ये? तुमचाही एक काढतो. दोघांवरून चेहरा बनतो."

"खरंच होतं?"

"हाव. लोकं करून घेऊन राहिले."

काकूंनी सांगितलं, "नाक ह्यांच्यासारखं, कपाळ माझं." जीशान कॉम्प्युटरपुढे बसला. थोड्या वेळाने त्याच्या स्क्रीनवर हालचाल झाली. माझ्या तळ्यावर लाटा उठल्या. सटवाजीची बदकं पोहू लागली. आणि स्टुलावरची मुलगी हळूच वळली आणि हसली.

मित्रांनो, माझं पाणी कधी हललं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. आणि ती मुलगी मिनू नव्हती. गोरे गुबगुबीत गाल, एकसारखे दात, हनुवटी कोरी करकरीत. कुठल्याही जाहिरातीत शोभेल असं छान लेकरू होतं ते. त्या खोलीत मिनूचा चेहरा लख्ख आठवणारा मी एकटाच होतो आणि मला तोंड नव्हतं.

"हीच!" काकू रडायला लागल्या. "हीच गं बाई माझी!" त्यांनी स्क्रीनवरच्या गालाला बोट लावलं. जीशाननेही डोळे पुसले. तो व्हिडिओ त्याने त्यांच्या मोबाईलवर टाकून दिला आणि त्यांना एसटी स्टँडवर सोडून आला.

मला त्याने भिंतीवरून उतरवलं नाही. म्हणूनच पुढचंही मला पाहावं लागलं.

दिवाळी होऊन गेल्यावर काकू पुन्हा आल्या. या वेळी आलोक सोबत होता. तो लातूरला वकिली करतो. काकू वाळून गेल्या होत्या.

"जीशान, ते पुसून टाक बाबा," त्या खुर्चीत बसायच्या आत म्हणाल्या.

"काय, काकू?"

"ते हसणारं. मोबाईलमधलं आलोकने पुसलं. तुझ्याकडचंही पुसून टाक."

जीशानने लगेच पुसलं. त्यांना दाखवलं. "गेलं बघा, काकू."

"माझ्यातून कसं जाईल?" त्यांनी कपाळाला हात लावला. "आधी अर्धवट का होईना, माझी यायची. आता डोळे मिटले की हीच वळती अन् हसती. माझी मिनू त्या दिवशी हसत नव्हती रे. रडून आली होती. एवढं पक्कं माहीत हाय मला. पण रडतानाचं तोंड आठवायला गेले, की हिचंच तोंड रडायला लागतं."

आलोकने त्यांची पिशवी उचलली. "आई, चला आता," तो म्हणाला.

"थांब. जीशान, मला सांग, तिला बघितलेलं कोणी राहिलंय का आता?"

जीशानने आठवून पाहिलं. अब्बा नाहीत, अम्मी नाही, गुरुजी नाहीत. "मी लहान होतो, काकू. मला काही याद न्हाई."

"म्हणजे मीच एकटी होते," काकू म्हणाल्या. "अन् आता मीही न्हाई."

त्या माझ्यासमोरच बसल्या होत्या, इतक्या जवळ की त्यांचा श्वास माझ्या कापडाला लागत होता. त्यांना हवं होतं ते माझ्याजवळ होतं. हनुवटीवरची खपली होती, आत ओढलेला ओठ होता. मी काही करू शकलो नाही. पंख्याच्या वाऱ्याने माझ्या तळ्याचा आणखी एक पोपडा तेवढा खाली पडला.

नंतर एकदा आलोकचा फोन आला होता. जीशानने तो स्पीकरवर घेतला होता, म्हणून मला ऐकू आला. आईने घरातले सगळे फोटो भिंतीवरून काढले आहेत, असं तो सांगत होता. गुरुजींचाही. हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवून विचारते, "हे खरंच असे होते का रे? का हेही कोणी बनवून दिलंय?" होते म्हणून सांगितलं तर मान हलवते. विश्वास बसत नाही तिचा. फोटो पुन्हा लावले, तर उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवते.

"काही करता येईल का, जीशानभाई?" आलोकने विचारलं.

जीशान म्हणाला, "न्हाई." त्यानंतर त्याने कोणत्याही मेलेल्या माणसाचा चेहरा बनवून दिलेला नाही. लोक मागायला येतात, रागावून दुसऱ्या दुकानात जातात. तिथे त्यांना चेहरा मिळतो.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा नाही. जीशान दुकान हलवणार आहे आणि नव्या जागेत मला भिंत नाही. जाण्याआधी तुमच्याकडे एवढंच मागतो. घरातले जुने फोटो आजच बाहेर काढा. ओलीपासून लांब ठेवा, त्यांची प्रत करा, उद्यावर टाकू नका. आणि नुसते जपू नका. ज्यांना त्यातली माणसं ठाऊक आहेत, त्यांच्याजवळ बसून बघा. त्या दिवशी कोण रुसलं होतं, कोणाला कुठे लागलं होतं, ते विचारून घ्या. सांगणारी माणसं फोटोंच्याही आधी जातात.

आणि एवढं करूनही एखादा चेहरा गेलाच, तर त्याला जाऊ द्या. फार दुखेल. पण ती जागा रिकामी ठेवा, तिथे दुसऱ्या कोणाला आणून बसवू नका.