पाठीवरचा हात

आष्ट्यात माझं मटणाचं दुकान आहे. गिऱ्हाईक मटण मागतं, घरी जाऊन "आज वशाट हाय" म्हणतं, माल तोच. पण जनावर उभं असेपर्यंत आम्ही खाटीक त्याला मटण म्हणत नाही. पाठीवर, कमरेपाशी हात दाबायचा आणि म्हणायचं, "मास धरलंय." नाहीतर, "मास न्हाई." जतचा बिराप्पा मेंढरं घेऊन येतो, तो तर काट्याचं नावच काढत नाही. "जालिंदरचा हात बोलला की झालं," म्हणतो. तीस वर्षांत पावशेराची चूक नाही, असं लोक म्हणतात. मीही नाही म्हणत नाही.

वैशाखात राहीला, माझ्या बायकोला, गाठ निघाली. सांगलीला इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्यानंतर ती म्हणाली, "आता बास. अंगावर मास ऱ्हायलं न्हाई, आन् तुमी सुया टोचायला न्हेताय." उरलेली तीन घेतली तरच आशा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे तिलाही माहीत होतं.

मी रोज मानेचं मटण शिजवून तिला बिनतिखटाचा अळणी रस्सा देत होतो. वाटीतलं निम्मं तसंच राहायचं. चौथ्या इंजेक्शनच्या आदल्या दुपारी ती माझ्याकडे पाठ करून बसली.

"हात लावून बघा. वजन वाढलं असंल तर येते. न्हाईतर न्हाई."

मी हात ठेवला. बोटांना नुसती हाडं लागली. मेंढरू असतं तर परत पाठवलं असतं. रडू यायला हवं होतं, पण मी आतून पार बधिर झालो होतो. हात तेवढा आपलं काम करत होता. चार किलो कमी.

"मास धरलंय," मी म्हणालो. "दोन किलो तर वाढलंय."

"खरं न्हवं?"

"गिऱ्हाइकाला कवा फसवलंय का मी?"

ती आली. दवाखान्यात नर्सनं तिला काट्यावर उभं केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "मागच्यापेक्षा चार किलो कमी झालंय, मावशी."

मी खाली फरशीकडे बघत राहिलो. राहीनं आकडा पाहिला, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमचा काटा दुरुस्त करून घ्या," ती नर्सला म्हणाली. "आमच्या ह्यांचा हात कवा चुकत न्हाई."

आणि आपणच जाऊन खाटेवर आडवी झाली. बाही वर करून.